बॅटरीवरचं कुंकू

पोर्टेबल फ्रिज घरात आला त्या दिवशी मी एवढंच म्हटलं की स्वयंपाकघरातल्या फ्रिजचा दरवाजा कधीपासून करकरतोय, तो आधी बघा. नवऱ्याने ऐकल्यासारखं केलं आणि खोकं फोडलं. आत निघाली एक करडी पेटी, आमच्या तांदळाच्या पिंपाएवढी, वर आकडे दाखवणारी छोटी काच. बारा व्होल्टवर चालते, गाडीत ठेवायची, कॅम्पिंगला न्यायची. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण जागा तर लागते ना? करंजाड्याच्या आमच्या दोन खोल्यांत ती पेटी टीव्हीसमोर पडून राहिली आणि आम्ही तिच्यावर पाय ठेवून मालिका बघत बसलो.

नवऱ्याची पिकअप आहे. पहाटे वाशीच्या मार्केटमधून भाजी उचलायची आणि पनवेलच्या दुकानांत टाकायची, हा त्याचा धंदा. दुपारनंतर गाडी रिकामी, आणि रिकामी गाडी दिसली की याला काहीतरी सुचतं. फोनवर कुठल्या कुठल्या देशातले लोक पिकअपच्या मागे गाद्या टाकून डोंगरात राहतात, ते बघून यानेही मागच्या हौद्यावर लोखंडी कमानी बसवल्या, ताडपत्री ओढली, गादी टाकली. मी म्हटलं, घर असताना माणसं असं कशाला राहतात? "तू एकदा येऊन तर बघ," तो म्हणाला. गेले. आवडलं, पण हे त्याला सांगायची मला काही घाई नाही.

फ्रिजला वीज कुठून द्यायची, हा खरा घोळ होता. आधी त्याने केबिनमधल्या चार्जिंगच्या सॉकेटला वायर लावली. गाडीची चावी फिरवून बंद केली की सॉकेट बंद, सॉकेट बंद की फ्रिज बंद. म्हणजे गाडी चालू असेपर्यंत पाणी थंड, आणि धरणाच्या काठावर जाऊन निवांत बसलं की गरम. मग शहाण्याने वायर थेट गाडीच्या बॅटरीला जोडली. सकाळी उठलो तर दही अगदी कडक थंड आणि गाडी ठार बंद. रात्रभर फ्रिजने बॅटरी पिऊन टाकली होती. शेजारच्या तंबूतल्या लोकांना बोलावून धक्का मारायला लागला. मी खाली उतरले नाही, दही खात बसले.

शेवटी तुर्भ्याच्या एका गाडीच्या इलेक्ट्रिशियनने मार्ग काढून दिला. गाडीची बॅटरी गाडीला, फ्रिजला दुसरी. दोघींच्या मध्ये एक रिले, म्हणजे इंजिन चालू असताना दोन्ही चार्ज होतात आणि इंजिन बंद झालं की त्यांचा संबंध तुटतो. फ्रिजने आपली बॅटरी संपवली तरी गाडीच्या बॅटरीला हात लागत नाही. जाड वायर, बॅटरीजवळ फ्यूज, हौद्यात बॅटरीसाठी लाकडी खोकं. नवरा ते सगळं येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचा. सोसायटीच्या वॉचमनला तर पाठ झालं होतं.

हे सगळं होईपर्यंत तो आमच्यासाठी खेळ होता. गेल्या एप्रिलमध्ये ताईंचा फोन आला आणि मग तो खेळ राहिला नाही.

ताई म्हणजे माझी मोठी नणंद. लग्न होऊन साताऱ्याकडच्या एका खेड्यात गेल्या, भावोजींची तिथे शेती. त्याआधीच्या दिवाळीनंतर त्यांना कॅन्सर निघाला. केमो सुरू झाली आणि त्यांच्या जिभेची चवच गेली. काहीही दिलं तरी म्हणायच्या, माती लागते. भात माती, दूध माती, आंबासुद्धा माती. वजन उतरत चाललं. डॉक्टर म्हणाले, खाल्लं नाही तर पुढचं औषध अंगाला झेपणार नाही, ते थांबवावं लागेल. हे सगळं भावोजी फोनवर सांगायचे.

आणि त्या दिवशी ताई स्वतः बोलल्या. सासूबाईंना म्हणाल्या, "आई, जिताड्याचं कालवण खावंसं वाटतंय."

आमच्याकडे जिताडा म्हणजे काय, ते पनवेल-उरणच्या माणसाला सांगायला नको. बाकीच्यांसाठी एवढंच की घरी जावई आला, मोठा माणूस आला, की हाच खाडीतला मासा आणतात. सासूबाईंनी वाशीगावच्या बाजारात जन्मभर मासे विकले. सासरे त्यांना अजूनही 'शेठाणी' म्हणून चिडवतात. त्या दिवशी त्यांनी फोन ठेवला. मग नवऱ्याला म्हणाल्या, "पोरगी मागतंय. कितीतरी महिन्यांनी काय मागतंय. नेयाला पायजे."

केमोत ताईंना जंतू लगेच लागतील म्हणून घरात गर्दी करायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. नवरा लगेच म्हणाला, "टेन्शन नाही. आपण गाडीतच राहू, शेताच्या कडेला. मासा फ्रिजमध्ये." पहिल्यांदाच मला त्या पेटीचा अभिमान वाटला.

मी म्हटलं, तरीपण थर्माकोलच्या डब्यात थोडा बर्फ घेऊ. सासूबाईंनीच मोडता घातला. बर्फाच्या पाण्यात मासा धुतला जातो, त्याची चव निघून जाते, असं त्यांचं पक्कं मत. बाजारातही त्या गिऱ्हाइकाला अभिमानाने सांगायच्या, बिनबर्फाचा हाय. आता म्हणाल्या, "माज्या पोरीला बर्फाचा मासा नको. याची मशीन थंड करते ना? मंग?" आयुष्यभर मासे विकलेल्या आईने आपल्या मशीनवर भरवसा टाकला, म्हणून नवरा फुलून गेला. बर्फ घे म्हणून त्याला आता कोण सांगणार?

निघायच्या आदल्या दिवशी त्याने बॅटरीच्या वायरी काढल्या, खोकं नीट घट्ट बसवायला. तेवढ्यात सासूबाई ताट घेऊन खाली आल्या. दुसरी बॅटरी नवीनच होती आणि तिची पूजा राहिली होती. नवीन वस्तू लांबच्या कामाला जाते, पूजेशिवाय कशी जाईल? त्यांनी ओल्या हळदीचं बोट लावलं, त्यावर कुंकू, त्यावर अक्षता. कुठे लावलं? बॅटरीला दोन शिशाची टोकं वर आलेली असतात ना, बरोबर त्या दोन्ही टोकांवर, देवाच्या कपाळाला लावावं तसं. मग हात जोडून पुटपुटल्या, "माज्या पोरीपोत नीट जा."

नवरा वायरी जोडायला वळला. त्याच्या हातात फडकं होतं. त्याने कुंकू बघितलं, फडक्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. विजेच्या जोडाला मध्ये काही नको, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. पण कुंकू पुसायचं नाही, हे आमच्यात कुणी शिकवत नाही, ते आधीपासून ठाऊकच असतं. त्यात बहीण आजारी. त्याने फडकं खांद्यावर टाकलं आणि वायरीची टोकं तशीच हळदीकुंकवावर बसवून नट आवळले. फ्रिज लावला, लागला. मी तिथेच उभी होते. मीही पुसलं नसतं.

सकाळी सासूबाईंच्या भावाने खाडीतून ताजा जिताडा आणून दिला. अंगावर चंदेरी चमक, डोळे स्वच्छ, कल्ले लालभडक. सासूबाईंनी साफ करून अख्खाच पेटीत ठेवला, वाटण डब्यात भरलं, कैऱ्या घेतल्या, आणि आम्ही तिघं केबिनमध्ये बसून निघालो.

घाटात ट्रक बंद पडला होता. ऊन मी म्हणत होतं. गाड्या इंचभर पुढे सरकायच्या आणि थांबायच्या. घाट चढून चहाला थांबलो तेव्हा नवरा मागे जाऊन पेटीकडे डोकावून आला. "लाईट चालू आहे," म्हणाला. आकडा किती दाखवतोय ते मी विचारलं नाही, आणि आम्ही निर्धास्त झालो. सासूबाईंनी तर वडापावही खाल्ला, एरवी त्या बाहेरचं तोंडात घालत नाहीत. पुण्याच्या पुढे त्या सारख्या सांगत होत्या, कालवण कसं करायचं, तुकडे केवढे ठेवायचे, डोकं ताईला द्यायचं, तिला डोकं आवडतं.

शेतावर पोचल्यावर नवऱ्याने ताडपत्री वर केली, पेटी उघडली आणि तसाच उभा राहिला. मी हात घातला. आत गार नव्हतं. कोमट होतं.

लाईट चालूच होता. लाईटला वीज लागते ती किती? पण आतलं मशीन सुरू व्हायला एकदम जोर लागतो, आणि तेवढी वीज त्या हळदीतून जात नव्हती. ओली होती तोवर कशीबशी गेली असेल. वाळल्यावर मशीन सुरू व्हायला बघायचं आणि बंद पडायचं, वाटभर. एका टोकाखाली तर अक्षतांचे दोन दाणे अडकले होते. नवऱ्याने नट सैल करून वायर उचलली तेव्हा ते दिसले.

सासूबाई पुढे झाल्या. मासा बाहेर काढून पाटावर ठेवला. कल्ला उचलून वास घेतला. पाठीवर बोट दाबलं आणि उचललं. खळगा तसाच राहिला, ताज्या माशाचा लगेच भरून येतो. दुसऱ्या बाजूने दाबलं. तिथेही राहिला.

"आपल्याला चालंल," त्या म्हणाल्या. "तिला नाय."

नवरा म्हणाला, "आई, चांगला उकळला तर? वास तर येत नाही."

"मी सांगतंय ना. तिला नाय."

मला इतका राग आला की कुणावर काढावा ते कळेना. फ्रिजवर काढला, त्याला लाथ मारली, पाय दुखला. भावोजी घराच्या दारात उभे होते. ते म्हणाले, "ती सकाळपासून विचारतेय, आले का, आले का. आज आंघोळ करून बसलीय." हे ऐकल्यावर नवरा गाडीच्या मागच्या चाकाशी खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. मी त्याला लग्नानंतर कधी रडताना बघितलं नव्हतं. मी नुसती शेजारी बसले.

सासूबाईंनी त्याला रडू दिलं. मग बॅटरीकडे बोट केलं. "ते पूस."

तो बघतच राहिला.

"पूस. मी लावलंय, मीच सांगतंय. काय होत नाय त्यानं."

त्याने पुसलं. टोकं घासून लख्ख केली, वायरी लावल्या, आणि पेटी गुरगुरायला लागली. आता तिच्यात थंड करायला काही नव्हतं. सासूबाईंनी जिताडा भावोजींच्या शेवग्याच्या बुडाशी पुरायला लावला. आपण खाऊ शकलो असतो, पण तिला न देता तिच्या अंगणात बसून तो कुणाच्या घशाखाली उतरला असता?

मग त्या चुलीपाशी बसल्या. लसूण ठेचला, तेलात टाकला, आपला आगरी मसाला, वाटण, कैरीच्या फोडी, वर तांदळाच्या पिठाचं पाणी. सगळं अगदी जिताड्याचं कालवण करतात तसं, त्याच क्रमाने, तेवढाच वेळ. फक्त मासा नाही. मी म्हटलं, आई, नुसतंच? त्या म्हणाल्या, "मंग काय हात हालवत जाऊ तिच्याम्होरं?"

ताई खाटेवर बसल्या होत्या. डोक्याला रुमाल, मनगटं नुसती काडी. आम्हाला बघून हसल्या. सासूबाईंनी ताटलीत भात घातला, वर कालवण, आणि ताटली पुढे करून सरळ सांगून टाकलं, "मासा वाटेत बिगारला, बाय. नुसता कालवन हाय."

मला वाटलं, आता ताटली बाजूला होणार. ताईंनी ताटलीकडे बघितलं, मग आईकडे. घास कालवला आणि तोंडात घातला. आम्ही तिघं दारातच उभे. त्यांनी सावकाश चावलं, गिळलं. दुसरा घास घेतला. मग थांबल्या, कपाळाला आठी घातली, आणि ओठ मिटून जीभ टाळ्याला लावून बघितली.

"आई," त्या म्हणाल्या, "मीठ कमी झालंय गं."

इतक्या महिन्यांत ताईंनी कशालाही कमी किंवा जास्त म्हटलं नव्हतं, सगळ्याला माती म्हटलं होतं. सासूबाई वळल्या आणि मीठ शोधायला लागल्या. मिठाची बरणी समोरच्या फळीवर होती, त्यांना दिसेना. डोळे भरले होते. मी बरणी काढून त्यांच्या हातात दिली.

"किती घालू?" त्यांनी विचारलं. जन्मात त्यांनी कुणाला मीठ किती घालू असं विचारलं नसेल.

"तू घाल. मी सांगते."

सासूबाईंनी चिमूटभर टाकलं. ताईंनी कालवलं, चाखलं.

"अजून," त्या म्हणाल्या.