चाकणचे द्वारपाल

पिंपळे गुरवहून निघाले तेव्हा आज फार बोलावं लागू नये, एवढीच इच्छा होती. प्रशिक्षण द्यायला निघालेल्या बाईची ही इच्छा विचित्रच. पण मी इंग्रजी शाळेतली. चारचौघांत मराठी बोलताना माझी अनेकवचनं घसरतात.

काम सरकारी योजनेचं होतं. आत्महत्या रोखण्यासाठी मंजूर झालेला निधी मार्चअखेर वापरला नाही तर परत जाणार, आणि चाकणला बसणाऱ्या आमच्या समुपदेशक ताईंचं पदही जाणार. आजचं प्रशिक्षण शेवटचं; ते झालं की निधी पूर्ण वापरला जाणार.

चाकणच्या अलीकडे बस कांद्याच्या ट्रकांमागे अडकली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "चालत गेलीस तर लवकर पोचशील गं." मी संकोचून बसून राहिले. त्या उतरल्या, आणि चाकणच्या चौकात पुन्हा दिसल्या. हातातला वडापाव निम्मा संपला होता.

कंपनीच्या गेटवर मिशीवाल्या मामांनी अडवलं. "कुणाकडं?"

"द्वारपालांचं प्रशिक्षण आहे."

"व्हय, आमीच ते! समदे आत बसल्यात."

आत गणवेशातले वॉचमन, काठ्यांसकट. खचलेला माणूस ज्याच्या आधी लक्षात येतो, त्याला आमच्या कामात 'गेटकीपर' म्हणतात. म्हणजे पर्यवेक्षक वगैरे. परिपत्रकात कुणीतरी त्याचं 'द्वारपाल' केलं होतं आणि कंपनीनं ते इमानदारीनं पाळलं होतं.

परत जाणं शक्य नव्हतं. सुरुवात केली. "आडून विचारायचं नाही. मरणाचे विचार येतात का, असं सरळ विचारायचं. विचारल्यानं ते डोक्यात शिरत नाहीत."

"मॅडम, आमी सरळच विचारतो," एक जण म्हणाला. "कुठनं आला, गाडी नंबर काय!"

सगळे हसले. सरावासाठी मिशीवाले मामा पुढे येऊन बसले. मी पुटपुटले.

"मोठ्यानं, मॅडम!" मागून एक गडी म्हणाला. "गेटवर हॉर्न असत्यात."

मी ओरडलेच, "मामा, जीव नकोसा झालाय का?"

पुन्हा हशा. मामा मात्र हसले नाहीत. "झालाय," ते म्हणाले. "बायको गेल्यापासनं."

"मामा, ॲक्टिंग ना?" हॉर्नवाल्या गड्यानं विचारलं.

"न्हाई रे."

मी त्यांच्याशेजारी बसले. मग तेच बोलले. मी नुसती 'हं' म्हणत होते. ताईंना फोन केला, त्या म्हणाल्या, लगेच घेऊन या. हॉर्नवाला गडी उठला. "चला मामा, मी हाय संगं." आम्ही तिघं ताईंकडे गेलो.

परतीच्या बसमध्ये योजनेच्या साहेबांचा फोन आला. "पर्यवेक्षक किती आले?"

"एकही नाही, सर. वॉचमन आले."

"मग हे प्रशिक्षण हिशेबात धरता येणार नाही."

"धरायलाच हवं, सर! त्यातला एक माणूस आत्ता ताईंसमोर बसलाय." ड्रायव्हरनं वळून पाहिलं, इतका आवाज चढला होता.

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग साहेब सरकारी सुरात म्हणाले, "द्वारपाल म्हणजे दारावरचा माणूस, असा अर्थ शब्दकोशात असेलच ना?"

"असेल, सर."

"मग धरा."

भोसरी आली तसा ताईंचा निरोप आला: 'मामा अजून बोलताहेत. मला घरी जायला उशीर होईल.' त्या रस्त्यावर रोज सगळ्यांनाच उशीर होतो. इतका हवासा उशीर मी दुसरा पाहिला नाही.