घडीच्या फोनची उघडझाप

माझा मुलगा बंगळूरला एका मोबाइल कंपनीच्या प्रयोगशाळेत आहे. तिथं घडीचे फोन यंत्रात अडकवतात आणि यंत्र ते दिवसभर उघडतं, मिटतं. बिजागरी कधी दगा देते हे बघणं, हेच त्याचं काम. गेल्या उन्हाळ्यात त्यानं तसलाच एक फोन मला कुरिअरनं पाठवला. म्हणाला, "बाबा, यंत्रात टिकतो तो. माणसाच्या हातात किती टिकतो ते मला बघायचंय. वापरा."

बायको जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. मी शाळेतून निवृत्त होऊन गावी, दिंद्रुडला, एकटाच राहत होतो. फोन आल्यावर आठ-दहा दिवस बरे गेले. चहाच्या हॉटेलात मी तो पुस्तकासारखा उघडला की बाकावरची माणसं सरकून जवळ यायची. शेजारचा शेतकरी म्हणाला, "गुरुजी, मदीच मोडंल बगा हे. काच कुटं वाकत असती व्हय?"

"वाकते. माझा मुलगाच तपासतो ती," मी म्हणालो. हे सांगताना मला फार बरं वाटायचं. पुढं लोकांचं नवल ओसरलं.

मुलगा रविवारी सकाळी फोन करायचा. त्याची आई होती तोवर तीच बोलायची. मी शेवटी 'तब्येत सांभाळ' म्हणायचो. ती गेल्यावर आम्हा दोघांकडे विषयच उरला नव्हता. तो या फोननं दिला. मी आठवडाभर मोबाइलच्या बातम्या वाचायचो. कुणी तीन घड्यांचा फोन काढला, कुणी पडद्यावरची मधली वळी घालवल्याचा दावा केला, कुणी लिहिलं की ही हौस चार दिवसांची. महत्त्वाचं वहीत टिपून ठेवायचो आणि रविवारी त्याला विचारायचो. तो रंगून सांगायचा. एकदा तर पाऊण तास बोललो आम्ही.

एका रविवारी त्यानं विचारलं, "बाबा, दिवसातून किती वेळा उघडता हो? मला नोंद करायचीय."

"पाच-सहा वेळा."

दुसऱ्या दिवशी मी खरंच मोजलं. दुपारच्या जेवणाआधीच तीस झाले. मेसेज आला तर बाहेरच्या लहान पडद्यावरही दिसतो, पण मला उघडून पाहिल्याशिवाय खात्री वाटायची नाही. मोजणं तिथंच सोडून दिलं. त्याला काही कळवलं नाही.

दिवाळीनंतर उसाच्या गाड्या सुरू झाल्या आणि रस्त्याची धूळ घरात यायला लागली. फोन उघडताना करकर वाजू लागला. एके सकाळी उघडला तर अर्धी बाजू काळी. तो घेऊन यष्टीनं बीडला गेलो. स्टँडजवळच्या गल्लीत मोबाइल दुरुस्त करणारे एक चाचा आहेत, माझ्याच वयाचे. पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचे. डोळ्याला भिंग लावून त्यांनी बिजागरी पाहिली.

"धूळ गेली सर आत. पडदा खतम. माझ्याच्यानं हुनार न्हाई, झूट कावून बोलू? दिवसातनं किती बार उघडता?"

का कोण जाणे, त्यांना खरं सांगितलं. "शंभर तरी. जास्तच असेल."

"इतके फोन येतेत तुमाला?"

"नाही. आला का ते बघतो."

चाचांनी भिंग काढून ठेवलं. "वाजल्यावर उघडावं, सर. वाजायच्या आदी कावून उघडता?" मग त्यांनी स्टूल माझ्याकडं सरकवलं आणि दोन चहा सांगितले. 

बाहेरच्या लहान पडद्यावर फोन घेता येत होता, तेव्हा रविवारी मुलाला सगळं सांगितलं. फोन बिघडला हे, आणि आकडा खोटा सांगितला होता हेही.

"एवढ्या वेळा कशाला उघडत होता, बाबा?"

"तुझं काही आलंय का बघायला."

  तो म्हणाला, "दुसरा पाठवतो. नव्या बिजागरीत धूळ सहसा जात नाही."

"नको. साधाच पाठव."

साधा फोन पाठवला नाही, संक्रांतीला स्वतःच घेऊन आला. दोन दिवस राहिला. बिघडलेला फोन अंगणातल्या उन्हात धरून कितीतरी वेळ बघत होता. मी विचारलं, "टिकतील का रे हे?"

"टिकतील, बाबा. दर वर्षी सुधारतायत."

जाताना तो बिघडलेला फोन बॅगेत घालून घेऊन गेला. प्रयोगशाळेत तो उघडून बघायचा होता त्याला.

आता तो बुधवारीही फोन करतो. जेवलात का, विचारतो. मी जेवलो म्हणतो. मग दोघंही गप्प होतो. पण तो लगेच फोन ठेवत नाही, आणि मीही ठेवत नाही.