पंचावन्नच्या आतला कॅचर

कोणी हाक मारली की ते आधी मागे वळून पाहत. मागे कोणी नाही अशी खात्री झाली की मग ओ देत. मैदानावर हे फार गमतीचं दिसे. लिमयांनी समोरून "अण्णा" म्हणून पुकारावं आणि होम प्लेटपाशी, फलंदाजाच्या मागे, उकिडव्या बसलेल्या आमच्या कॅचरने मान वळवून मागच्या जाळीकडे पाहावं. आम्हाला वाटे, कमी ऐकू येत असेल. आमच्या टीममध्ये बहुतेकांना कमीच ऐकू येतं.

कॅनडातल्या कनाटा गावातली ही आमची बेसबॉलची टीम पंचावन्नच्या पुढच्यांच्या लीगमध्ये खेळते. सगळे टेलिकॉम कंपन्यांतून निवृत्त झालेले आणि क्रिकेटवर वाढलेले. चेंडू मारला की बॅट तिथेच टाकून धावायचं असतं, पण आम्ही ती हातात घेऊनच धावत असू. मला राईट फील्डला ठेवलं होतं, कारण तिकडे चेंडू क्वचित येतो. मला ते सोयीचंच होतं.

लिमये आमचे कॅप्टन आणि चेंडू टाकणारे पिचरही. हिवाळ्यात त्यांना दोन तासांवरच्या लव्हालहून एकांचा फोन आला होता. निवृत्त झालोय, कनाटात राहायला काँडो घेतलाय, उन्हाळ्यात खेळायला येईन, मला घरी सगळे अण्णा म्हणतात. लिमयांनी जन्मतारीख विचारून घेतली. लीगला वय लागतं, आणि लिमयांना वाढदिवस लागतात. बर्फ वितळल्यावर त्यांनी फोन केला आणि पुढच्या रविवारी अण्णा हजर झाले.

डोकं पूर्ण पांढरं. आम्ही सगळे केस रंगवणारे, त्यामुळे त्यांच्या वयाची शंका कोणालाच आली नाही. उलट आमच्या बायका त्यांचं उदाहरण देऊ लागल्या. तरुणपणी नागपूरला विकेटकीपिंग केलेलं, ते हातांत दिसत होतं. चेंडू त्यांच्या ग्लव्हमध्ये जाऊन जणू विसावा घेई. कोणी सोपा झेल सोडला तर लिमये कपाळावर हात मारत आणि अण्णा म्हणत, "राहू द्या ना बाप्पा, चेंडूच तर आहे." तो सोडणारा बहुधा मीच असे.

त्या वर्षी आम्ही जिंकू लागलो. आधी आमचाच विश्वास बसेना. ऑगस्टअखेर आम्ही फायनलला पोचलो, आणि लिमये लहान मुलासारखे झाले. त्यांचे दोन्ही गुडघे त्या हिवाळ्यात बदलायचे होते. कॅप्टन म्हणून त्यांची ही पहिली फायनल होती आणि शेवटचीही.

फायनल शनिवारी होती, आणि तिच्या आदल्या रविवारी अण्णांना साठ वर्षं पूर्ण होत होती. लिमयांनी ठरवलं, त्यांना न कळवता साठी करायची. एकटा माणूस, इथे त्याचं कोण करणार? माझ्या पत्नीने, हेमाने, कणकेचे साठ दिवे केले. हॉल मिळत होता, पण तिथे फायर अलार्म वाजला असता. म्हणून लिमयांच्या गराजमध्ये, दार वर करून, विंटर टायर्सच्या चळतीसमोर पाट मांडला. लीगच्या संयोजक बाईंनाही बोलावलं होतं. त्या बूट काढून कौतुकाने उभ्या होत्या.

अण्णांना पाटावर बसवलं. गराजचा दिवा मालवल्यावर साठ ज्योतींचा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर पडला. हेमाने कुंकू लावायला हात पुढे केला, तेव्हा त्यांनी तो अलगद थांबवला.

"वहिनी, नका ओवाळू. अण्णा साठीपर्यंत राहिले नाहीत."

मग खाली बघत त्यांनी सांगितलं. अण्णा त्यांचे थोरले भाऊ, मार्चमध्येच लव्हालला वारले. हे धाकटे. दूर सस्काटूनहून आवराआवरीला आले आणि भावाच्या इथल्या काँडोत राहिले. वय एकोणपन्नास.

संयोजक बाई हसतमुखच होत्या. हे सगळं मराठीत चाललं होतं, आणि त्यांना तो विधीचाच भाग वाटला असावा. लिमये वाकले आणि अगदी हळू म्हणाले, "मराठीत बोललात, मराठीतच राहू दे. एवढा एक शनिवार."

आम्ही कोणीच लिमयांना अडवलं नाही. अण्णांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग ते पाटावरून उठले, बाईंपाशी गेले आणि तेच सगळं इंग्रजीत सांगितलं.

बाईंना नियम मोडता येत नव्हता. ते खेळले होते ते सगळे सामने आम्ही हरलो असं धरलं गेलं, आणि फायनल दुसऱ्या टीमला गेली. त्यांनी ते फार दुःखाने सांगितलं. मग ज्योती कोण फुंकणार, असं विचारलं. हेमा म्हणाली, आमच्यात फुंकत नाहीत. तेव्हा त्याही खुर्ची ओढून बसल्या, आणि दिवे आपोआप शांत होईपर्यंत कोणी उठलं नाही. लिमये तेवढे आत निघून गेले होते.

अण्णांना मी गाडीतून घरी सोडलं. वाटेत तेच बोलू लागले.

"अण्णांना जाऊन महिना झाला नव्हता. त्यांच्या फोनवर फोन आला, रविवारी खेळायला येता का म्हणून. गेलेल्या माणसाला कोणी खेळायला बोलावते. मी नाही कसं म्हणणार होतो?"

अण्णा ही हाक त्यांनी जन्मभर मारली होती, घेतली कधी नव्हती.

लिमये सगळा हिवाळा त्यांच्याशी बोलले नाहीत. पुढच्या मे महिन्यात नवे गुडघे घेऊन ते प्रॅक्टिस बघायला आले, तर हे कुंपणाबाहेर ग्लव्ह घेऊन उभे. आत येऊ का, असं त्यांनी विचारलं. लिमये मैदानाकडे बघत म्हणाले, "प्रॅक्टिसला वयाचा नियम नाही."

तेव्हापासून दर रविवारी ते येत, आमच्या पिचरांचे चेंडू झेलत आणि सामना असला की बाहेर बसत. पंचावन्नचे व्हायची वाट पाहत होते. आम्ही त्यांचं खरं नाव घेऊन पाहिलं, पण जमेना. शेवटी तेच म्हणाले, "अण्णाच म्हणा. ऐकायला बरं वाटते."

या जानेवारीत ते झोपेत गेले. पंचावन्नला अजून दोन वर्षं होती. त्यांचं इथे जवळचं कोणी नव्हतं. दहनाच्या ठिकाणी शेवटच्या खोलीच्या दाराशी तिथे काम करणारी एक मुलगी उभी होती. आत फक्त कुटुंबातल्यांना सोडतो, असं ती नम्रपणे म्हणाली आणि लिमयांना नातं विचारलं.

लिमयांनी आमच्याकडे पाहिलं नाही. "एल्डर ब्रदर," ते म्हणाले.

मग तिने मागे टोप्या हातात घेऊन उभ्या असलेल्या आम्हा सगळ्यांकडे पाहिलं. तिने दार पूर्ण उघडलं आणि शेवटचा माणूस आत जाईपर्यंत ते धरून ठेवलं.