यंत्राला न वाचता आलेला ‘दादा’

बाकी बरंच विसरलो. गुन्ह्यांचे क्रमांक, आरोपींचे चेहरे, बदलीच्या गावांतले रस्तेसुद्धा. पण एका नंबर प्लेटवरचे चार आकडे आजही आठवतात, आणि आठवले की तोंडाची चव जाते.

निवृत्तीला वर्ष राहिलं होतं. शहरात येणाऱ्या रस्त्यांवर नुकतेच कॅमेरे बसले होते. गाडी खालून गेली की यंत्र तिचा नंबर वाचायचं आणि कर न भरलेल्या वाहनांच्या नोंदीशी ताडून बघायचं. ज्याची उमेदीची वर्षं नाक्यावर शिट्ट्या फुंकण्यात गेली, त्याला याचं अप्रूप वाटणारच. मलाही वाटलं.

एके दिवशी ठाण्यात परिवहन कार्यालयाचं पत्र आलं. एका पिकअपच्या मालकाने ‘गाडी बंद आहे’ असा अर्ज दिला होता. बंद गाडीला तेवढ्या काळाचा कर लागत नाही. पण तीच गाडी, नंबर 8989, गेवराईच्या रस्त्यावर कॅमेऱ्याखालून चाळीसहून जास्त वेळा गेल्याची यादी सोबत जोडलेली होती. शासनाची फसवणूक. गुन्हा नोंदवला, तपास माझ्याकडे आला.

पूर्वी खबर माणूस आणायचा. तेव्हा आम्ही आधी त्या माणसाला तोलायचो. याचं कुणाशी वैर आहे, याला काय मिळणार आहे. यंत्राचं कुणाशी वैर नाही, म्हणून मी त्याला तोललं नाही.

मालक नेकनूरच्या बाजारात फळं विकणारा, पन्नाशीचा. लंगडतच आत आला.

“गाडी कोण चालवत होतं?”

“कुनीच न्हाई साहेब. माजा पाय मोडलता. गाडी घरापुढं उभी व्हती. कोंबड्या बसायच्या तिच्यात.”

हवालदार म्हणाला, “मग कोंबड्यांनी नेली का बे गेवराईला?”

सगळे हसले. मीही हसलो.

“अर्ज द्यायला कुणी शिकवलं?”

“कुनी न्हाई. गाडी बंद हाय तर बंद हाय म्हनून लिहून द्यावं लागतं, असं कळलं. खरं ते लिहून दिलं.”

“म्हणजे यंत्र खोटं बोलतंय?”

प्लास्टर काढून दहा दिवस झालेल्या पायावर मी त्याला दोन तास उभं ठेवलं. शेजाऱ्यांचे जबाब घेतले. सगळे म्हणाले, गाडी हलली नाही. मी शेरा मारला : ‘जबाब संगनमताचे वाटतात.’ पंचनामा करून गाडी जप्त केली आणि ठाण्याच्या आवारात आणून लावली.

सीताफळाचा हंगाम तोंडावर होता. बालाघाटातून माल भरून आणायला त्याच्याकडे दुसरं साधन नव्हतं. त्याची बायको एक दिवसाआड यायची, बाकड्यावर बसायची.

“साहेब, सीताफळानं डोळे उघडले, तुमी कवा उघडणार?” ती एकदा म्हणाली. हवालदार तिच्यावर खेकसला. मी मान वर केली नाही.

दोषारोपपत्रासाठी मी फोटो मागवले. आलेल्या फोटोंत फक्त नंबर प्लेट होती, आणि खाली यंत्राने छापलेलं 8989. मीही वरच्या पाटीकडे बघितलं आणि 8989 च वाचलं. कागद टेबलावर पडले होते. बाई पुन्हा विनवायला आली आणि बोलता बोलता थांबली.

“ही आमच्या गाडीची पाटी न्हाई साहेब.”

“नंबर तुमचाच आहे की.”

“नंबर कुठला? हितं तर दादा लिवलंय.”

“काय?”

“दा-दा. मला विंग्रजी येत न्हाई साहेब. साक्षरतेच्या वर्गात शिकले तेवढंच येतं.”

मी कागद डोळ्यांजवळ नेला. ४१४१ हा नंबर. पेंटरने वरून आडवी रेघ ओढून आकडे असे वळवले होते, की ‘दादा’ वाचावं. इंग्रजी आकडे शिकवलेल्या यंत्राला वरून बंद झालेला ४ दिसला 8 सारखा, आणि डोक्याला गाठ असलेला १ दिसला 9 सारखा. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत ४ आणि १ पाटीवर गिरवलेला माणूस. माझ्या घरात माझ्याआधी कुणी शाळेची पायरी चढलं नव्हतं. त्या शाळेने मला सगळं दिलं. आणि मला ते आकडे वाचता आले नाहीत.

पूर्ण फोटो मागवले. पिकअप नव्हतीच, वाळूचा टिपर होता. नंबराची आधीची अक्षरं तीच, पुढे ४१४१. टिपर एका पुढाऱ्याच्या पुतण्याचा, आणि त्याचा कर कित्येक वर्षांचा बाकी. मी स्टेशन डायरीत नोंद केली. तासाभरात वरून फोन आला. दुसऱ्या दिवशी टिपर तपासायला गेलो, तेव्हा त्याच्यावर नवी कोरी, नियमातली पाटी होती आणि पुतण्या चहा घ्या म्हणत होता.

“यंत्राची तांत्रिक चूक लिहा आणि मिटवा,” वरिष्ठ म्हणाले. “जाताना कशाला घाण करून घेता?”

मी लिहिलं. माझं पेन्शन जवळ होतं. याहून मोठं कारण नव्हतं.

फळवाला गाडी न्यायला आला तेव्हा सीताफळं संपत आली होती. गाडीची बॅटरी नव्हती, स्टेपनी नव्हती. ठाण्याच्या आवारातून, पहाऱ्यातून दोन्ही गेल्या होत्या. मी ताबापावती पुढे केली : ‘गाडी सुस्थितीत मिळाली.’

“साहेब, बॅटरी?”

“सही कर. नाहीतर गाडी अजून महिनाभर इथंच राहील.”

बायको म्हणाली, “करा सही. खरं लिवलं तवाच तर घावलो.”

माझे वडील, सावकार असो की तलाठी, जो सांगेल तिथं अंगठा उठवायचे. ‘तू शीक, म्हंजी कागद वाचता येईल’ एवढंच म्हणायचे. मी शिकलो. खोटा कागद वाचूनच त्या माणसापुढे ठेवला.

नोकरीने काय शिकवलं, असं लोक विचारतात. यंत्र ज्याची पाटी सरळ त्यालाच वाचतं, आणि आम्हीही. एवढंच मला माहीत आहे.

फळवाल्याने सही केली. गाडी क्रमांकाच्या रकान्यात शाळेतल्यासारखा जपून नंबर लिहिला, मराठीत : ८९८९. मी शेजारी ‘दादा’चा फोटो ठेवून पाहिला. दोन्हींत कुठेही साम्य नव्हतं.