कातळावरची माती

रविवार सकाळ. हजर: मी, धाकटे काका, चुलतभाऊ सुधीर आणि त्यानं बोलावलेला ट्रकवाला.

शेत दिसलं की माती तिथलीच वाटते. आमची तशी नाही. इथे नुसता कातळ होता. पणजोबांनी दगडी बांधांचे गडगे रचले आणि पणजीनं नदीकाठची माती टोपलीनं डोक्यावरून आणून ओतली. आज सुधीर ती कुणाच्या तरी बंगल्यातल्या हिरवळीसाठी विकत होता.

"अगं ताई, मातीच ना? नवी टाकू."

"कोण टाकणार? तू स्वतः चहाचा कपही उचलत नाहीस."

खरवडलेला कातळ पणजीनं पाहिला असेल तसाच उघडा पडला होता. मी मातीनं भरलेल्या ट्रकसमोर उभी राहिले.

ट्रक अजून उभा आहे. माती परत पसरायची राहिली आहे.