लाइन आली

गडमुडशिंगीचा रुद्रय्या वायरमन एका इंग्रजी शब्दावर सगळा संसार हाकायचा. विजेला लाइन, फोनला लाइन, रॉकेलला लाइन. पोरगी नर्सिंगच्या लाइनला, जावई मात्र अजून लाइनीवर न्हाय. कुणी हसलं की फाडकन म्हणायचा, "तुमचं मराठी ठेवा की लोणचं घालून."

कामात मात्र त्याला थट्टा खपत नसे. आधी डीपीतला फ्यूज काढून खिशात घालायचा, मदिनाभाभींच्या गिरणीची घरघर थांबली की मगच खांबावर चढायचं. तीस वर्षांत हा नेम मोडला नव्हता.

२००५ च्या उन्हाळ्यात गिरणीपुढच्या खांबावर ठिणग्या उडू लागल्या. रुद्रय्या डीपीपाशी उभ्याउभ्या चहा पीत भाभींना पोरीच्या नोकरीचं रंगवून सांगत होता. बोलता बोलता गिरणी थांबली. सवयीनं कप ठेवून तो चढला, उघड्या हातांनी तारा आवळल्या आणि उतरला.

पाय जमिनीला टेकले तोच गिरणी सुरू झाली.

रुद्रय्यानं खिसा चाचपला. नुसती तंबाखूची डबी. तो डीपीकडं धावला. फ्यूज जागच्या जागी बसलेला. लाइन त्यानं बंद केलीच नव्हती. ती सबस्टेशनातनंच गेली होती, आणि आत्ता आली होती.

पिठाचे हात पुसत मदिनाभाभी दारात आल्या. कौतुकानं म्हणाल्या, "तुम्ही हात लावला आन् लाइन आली की, अण्णा."

रुद्रय्या आपल्या हातांकडं बघत राहिला.