‘मी स्वतः चालवून खात्री केली’

नोकरीत हाताळलेले चोरी-दरोड्याचे बरेच गुन्हे मी आता विसरलो आहे. सेलूच्या बाजारात केळीच्या हातगाड्याला धडकलेली एक जुनी मोटार मात्र अजून डोक्यातून जात नाही. त्या गुन्ह्यात कोणी मेले नाही की कोणी फरार झाले नाही. त्यात चुकलो तो मी.

नामांतराच्या आंदोलनाचे दिवस होते आणि मी सेलूला फौजदार होतो. बंदोबस्त, गावभेटी, शांतता समितीच्या बैठका यांत ठाण्याची एकुलती एक जीप उजाडल्यापासून धावत असे. तिला वर्कशॉपला पाठवायचे पत्र तयार होते, पण जीप सोडायला दिवस सापडत नव्हता.

अशातच एका बाजारच्या दिवशी, अकराच्या सुमारास वर्दी आली. एका जिनिंगमालकाच्या मोटारीने केळीवाल्याला धडक दिली होती आणि त्याच्या पायाचे हाड मोडले होते. चालक पळाला नव्हता, जागेवरच उभा होता. पंचविशीतला, जवळच्या खेड्यातला तरुण. घरी थोडी जमीन, स्वतः उसाच्या ट्रकवर काम केलेला. मालकाचा नेहमीचा चालक रजेवर गेल्यामुळे तो त्या एका दिवसापुरता आला होता.

“साहेब, पायडल मऊ लागलं अन् खालीच गेलं. गाडी थांबलीच न्हाई,” एवढेच तो सांगत होता.

अपघात केलेला प्रत्येक जण ब्रेक लागला नाही असेच सांगतो. रस्त्यावर चाके घासल्याची खूण नव्हती, म्हणजे याने ब्रेक मारलाच नाही, असे मी धरून चाललो. गर्दी वाढत होती म्हणून मोटार मीच चालवत ठाण्यात आणली. वाटेत दोन ठिकाणी थांबवली, दोन्ही वेळा ती गुमान थांबली. मग काय विचारता! पंचनाम्यात मी रुबाबात ओळ घातली, ‘सदर वाहन मी स्वतः चालवून खात्री केली असता ब्रेक सुस्थितीत असल्याचे दिसून आले.’ हयगयीने वाहन चालवून गंभीर दुखापत केल्याचा गुन्हा नोंदवला.

या तरुणाला एसटीत चालक म्हणून नेमणूक मिळाली होती. हजर व्हायला दोन आठवडे उरले होते आणि चारित्र्य पडताळणीचा कागद नेमका माझ्याच टेबलावर पडला होता. त्यावर गुन्ह्याचा शेरा गेला की नोकरी गेली. हे त्यालाही ठाऊक होते आणि मलाही. तरी मला त्याची दया आली नाही, कारण खोटे बोलणाऱ्या माणसाची मला भारी चीड होती.

मी त्याला दोनदा बोलावून विचारपूस केली, आवाजही चढवला. आरोपी दुसऱ्या खेपेला आपल्या हकिकतीत काहीतरी भर घालतो, असा आमचा अनुभव. हा एका शब्दाचीही भर घालत नव्हता. ते मला तेव्हाच खटकायला हवे होते.

खटकले ते दवाखान्यात. मी केळीवाल्याचा जबाब घ्यायला गेलो होतो. पाय प्लास्टरमध्ये असलेला माणूस चालकाला शिव्या घालणार या तयारीने मी कागद पुढे ओढला. तो म्हणाला, “साहेब, गाडी लय जोरात नव्हती. म्या त्याचं तोंड बघितलं. त्यो पाय दाबायलाय अन् गाडी थांबंना. माझ्याहून त्योच जास्त भ्यालता.”

जखमीच आरोपीच्या बाजूने बोलतो तेव्हा तपास अधिकाऱ्याने कान टवकारायचे असतात. मोटार वाहन निरीक्षक परभणीहून यायला अवकाश होता. तोवर मी स्टेशन रोडवरच्या एका वयस्कर मिस्त्रीला, काही उघडायचे नाही या अटीवर, ठाण्याच्या आवारात बोलावले.

त्याने बॉनेट उचलून ब्रेक ऑइलची डबी पाहिली, मग खाली वाकून चारही चाकांच्या आतून हात फिरवला. “तेल भरून हाय. चाकाला ओल न्हाई. बाहेर कुठंच गळत न्हाई,” तो म्हणाला. मग आत बसून त्याने पायडलवर पाय ठेवला आणि नुसता दाबून धरला. पायडल सावकाश खाली जात राहिले, अगदी तळाला टेकेपर्यंत.

“बघा साहेब. भराभर दोनदा मारलं की टणक होतंय. एकदा दाबून धरलं की बसतंय. मास्टर सिलिंडरमधलं रबर झिजलंय. तेल आतल्या आतच मागं सरकतंय.”

“मग मी आणली तेव्हा कशी थांबली?” मी जरा गुर्मीतच विचारले.

“तुमी बसा. म्या हात केला की थांबवा.”

मी आवारातच मोटार हळू पुढे घेतली. त्याने हात केला, मी थांबवली.

“दोनदा मारलं तुमी,” मिस्त्री म्हणाला.

“एकदाच मारलं,” मी ठामपणे सांगितले. कोर्टात शपथेवरही तेच सांगितले असते.

बाजूला आमचे जमादार उभे होते. ते खाली बघत पुटपुटले, “साहेब, दोनदा. आपल्या जीपला मारायला लागतेत तसे.”

मी पुन्हा मोटार पुढे घेतली. या वेळी नजर माझ्या बुटावर होती. मिस्त्रीने हात केला आणि बूट दोनदा खाली गेला, मला न विचारता. जमादार गप्प राहिले हे त्यांचे उपकार. ठाण्याच्या जीपचे ब्रेक वर्षभर तसेच होते. आम्ही सगळे तिला दोन पाय मारत होतो आणि त्यालाच ब्रेक चांगले असणे म्हणत होतो. ट्रकवरून आलेल्या त्या तरुणाने मात्र सरळ माणसासारखा एकदा पाय दाबून धरला होता.

पुढचे सोपे होते. रजेवरून परतलेल्या नेहमीच्या चालकाला मी विचारले, “दोन पाय मारावे लागतात हे त्याला का सांगितले नाहीस?” त्याला प्रश्नच कळला नाही. “त्यात काय सांगायचं साहेब? समद्याच जुन्या गाड्यांला मारावं लागतंय.” थोड्या वेळाने तोच म्हणाला, की रबर बदला असे त्याने मालकाला दोन वेळा सांगितले होते आणि मालकाने कापसाचा हंगाम झाल्यावर बघू म्हणून टाळले होते. निरीक्षकांच्या अहवालातही तोच दोष निघाला. मालकाचा जबाब झाला आणि ठपका जिथे बसायचा तिथे बसला.

अडचण उरली ती माझ्या ओळीची. वरिष्ठ म्हणाले, “अहवाल पुरेसा आहे. तुम्ही स्वतःला कशाला गुंतवून घेता?” पण ती ओळ कागदावर असेपर्यंत त्या तरुणाचे बोलणे खोटेच ठरत होते. मी माझा स्वतःचा जबाब लिहून प्रकरणात जोडला, पडताळणीच्या कागदावर तरुणाचा दोष नसल्याचे लिहिले आणि मुदतीच्या चार दिवस आधी तो पाठवला. हजारो लोकांचे जबाब घेतले, पण हात जड झाला तो तेव्हा.

तरुणाला बोलावून मी सांगितले, “चूक माझी होती.” आरोपीला असे म्हणण्याची आमच्या खात्यात पद्धत नव्हती. मला वाटले, तो आनंदाने पाया पडेल. तो नुसता उभा राहिला आणि म्हणाला, “साहेब, येवढं माझ्या बापाला सांगता का?”

जीप अखेर वर्कशॉपला गेली होती, म्हणून मी त्याच्याबरोबर एसटीने त्याच्या गावी गेलो. बाप शेतात ज्वारी काढत होता. मी उभ्यानेच सगळे सांगितले. मोटार खराब होती, तुमचा मुलगा पहिल्या दिवसापासून खरे बोलत होता, पंचनाम्यात मी चुकीचे लिहिले.

बापाने विळा खाली ठेवला. बराच वेळ त्याने मुलाकडे मान वळवली नाही.

“साहेब,” तो म्हणाला, “फौजदारानं स्वतः गाडी चालवून बघितली म्हणल्यावर आमी तुमचं खरं धरलं. म्या ह्याला मारलं की हो.”

मुलाने वाकून विळा उचलला आणि बापाने सोडलेल्या ओळीत ज्वारी काढायला बसला.